आत्तींनी न पाहिलेली पाचवी पायरी

मुलगी बघायला रामनगरला गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी प्रश्न आला. होणाऱ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"नोकरी काय करतासा?"

"विमानतळावर आहे. धावपट्टीच्या दिव्यांच्या खात्यात."

"म्हंजे बल्ब बदलतासा."

मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पोह्यांची बशी हातात आली. तो खुलासा पुढे वीस-बावीस वर्षं तसाच राहिला. लग्न झालं, पोरं झाली, मी हेल्परचा इन्चार्ज झालो, पण रामनगरच्या कुठल्याही लग्नात, बारशात कुणी विचारलं की आमच्या आत्ती (आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात) ठरलेलं उत्तर देत, "आमचे जावई? इमानतळावर बल्ब बदलत्यात." बायको, म्हणजे सुमन, पदर तोंडाला लावून हसायची. ती हसते याचा मला आत्तींच्या उत्तराहून जास्त राग यायचा.

आता निवृत्त होऊन नंदिगड्ड्याला घरी बसलोय. पावसाळ्यात इथं लाईट एकदा गेली की चार-चार दिवस येत नाही, आणि गावातली माणसं हमखास विचारतात, "काय ओ, एवढं इमानतळ उजळलंसा, घरात अंधार व्हय?" तेव्हा म्हटलं, बोलून कुणाला पटत नाही, निदान लिहून तरी बघू. विमानतळ कुठला ते लिहीत नाही. घाटाखाली होता, समुद्राचं वारं लागायचं, एवढं पुरे.

आत्तींचाही अगदीच दोष नव्हता. माझे सासरे रामनगरला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. वरातीला, जत्रेला, नाटकाला बत्ती हवी की माणूस त्यांच्या दारात. ते पंप मारायचे, जाळीचा मँटल पेटायचा, आणि भस्सकन पांढरा उजेड पडला की आसपासची पोरं ओरडायची. मी जावई झालो तेव्हा ते हयात नव्हते. धंदाही संपला होता, पण एक बत्ती आत्तींनी माळ्यावर धोतरात गुंडाळून ठेवली होती आणि तिला कुणाला हात लावू देत नसत. ज्या बाईनं आयुष्यभर उजेड म्हणजे सगळा मांडव लखलखीत असं पाहिलं, तिला मी सांगणार काय? की आत्ती, आमच्या दिव्यांनी धावपट्टी उजळत नाही?

खरंच उजळत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, धावपट्टीवर दिवे असतात ते रस्त्यावरच्या खांबांसारखे, खालचं दिसावं म्हणून. तसं नाही. खालचं बघायला विमानाचे स्वतःचे दिवे असतात. आमचा दिवा हा स्वतः दिसण्यासाठी असतो. दोन्ही कडांना पांढऱ्या दिव्यांची ओळ, सुरुवातीला आडवी हिरवी, शेवटाला लाल, शेवटचा टप्पा जवळ आला की पांढऱ्याचे पिवळे. विमान फिरून थांब्याकडे जातं त्या वाटेला निळे. वैमानिक या ठिपक्यांवरून ओळखतो की जमीन कुठे आहे, किती खाली आहे, आणि आपण सरळ आहोत की तिरके. दिवा आपल्या जागी, आपल्या दिशेला, आपल्या तेजानं दिसला पाहिजे. बस्स, एवढंच काम. पण या एवढ्याशा कामात मी पहिल्याच वर्षी जी माती खाल्ली, ती फक्त आमच्याकडचा माणूसच खाऊ शकतो.

आमच्याकडे रानातून चालताना चूड, म्हणजे वाळल्या काटक्यांची जुडी, पेटवून नेतात. अलीकडे बॅटऱ्या आल्या, पण धरायची रीत तीच आहे. उजेड गुडघ्याच्या खाली आणि जमिनीकडे धरायचा. समोरून माणूस आला तर चूड चटकन मागं घ्यायची. साकवावर किंवा बांधावर समोरच्याच्या डोळ्यात उजेड गेला तर तो बिचारा खाली ओढ्यात पडणार. लहानपणी मी एकदा बॅटरी कुणाच्या तोंडावर मारली, तर बाबांनी तिथल्या तिथं कानाखाली वाजवली होती. "डोळ्यात मारालास व्हय रे? जनावर हाय काय ते?" हे अंगात मुरलेलं होतं.

तर नोकरीत नवा असताना मला काम दिलं, धावपट्टीच्या डाव्या कडेचे काही दिवे गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरनं हलवले होते, ते नीट बसवायचे. हे दिवे चौफेर उजेड टाकत नाहीत, एका दिशेला झोत टाकतात, आणि तो झोत जमिनीपासून जरासा वर, येणाऱ्या विमानाच्या अंगावर जाईल असा लावायचा असतो. मी पहिला दिवा लावला, समोर जाऊन उभा राहिलो. थेट डोळ्यात! मला कसंसंच झालं. म्हटलं, वर बसलेला माणूस तीनशे जीव घेऊन येतोय, त्याच्या डोळ्यात मारायचं? मी सगळे दिवे, वीस-बावीस असतील, अगदी प्रेमानं खाली वळवले. अंधार पडायच्या सुमारास पहिलं विमान आलं आणि वैमानिकानं टॉवरला विचारलं, डावीकडचे दिवे कुठे गेले?

आमचे नाईक साहेब वयानं मोठे, अंगानं बारीक, बोलायला लागले की संपेपर्यंत थांबत नसत. त्यांनी मला जीपमध्ये घातलं, धावपट्टीच्या टोकाला नेलं, जीपच्या बॉनेटवर उभं केलं आणि म्हणाले, "आता तू विमान. काय दिसतंय?"

"उजवी बाजू दिसते, साहेब."

"आणि डावी?"

"डावी न्हाई."

"का नाही?"

मी चुडीची, बाबांच्या चापटीची सगळी कहाणी सांगितली. मला वाटलं, आता नोकरी गेली. साहेब खो खो हसत जीपच्या पायरीवर बसले. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "अरे, तुझ्या गावात ज्याच्या डोळ्यात मारशील तो पडतो. इथं ज्याच्या डोळ्यात नाही मारलास तो पडेल. डोळ्यातच मारायचा. तेवढ्यासाठीच ठेवलाय तुला." त्या संध्याकाळी सगळे दिवे त्यांनी माझ्याकडून पुन्हा वर करून घेतले. निवृत्त होईपर्यंत मला 'चूड' म्हणूनच हाक मारायचे.

पण डोळ्यात मारायचा म्हणजे कितीही मारायचा असं नाही, आणि इथं पायऱ्या येतात. आमच्या दिव्यांना तेजाच्या पाच पायऱ्या असतात. पाचवी म्हणजे पूर्ण, शंभर टक्के. चौथी तीस टक्के, तिसरी दहा, दुसरी तीन, आणि पहिली फक्त एक टक्का. सांगितलं की लोक म्हणतात, मग रात्री पाचवी लावत असाल. उलटं! निवळ आभाळाच्या अंधाऱ्या रात्री पहिली किंवा दुसरी पुरते, त्याहून वर गेलो तर वैमानिकच ओरडतो. पाचवी लागते ती भर दुपारी, धुक्यात नाहीतर धो धो पावसात, जेव्हा आभाळ पांढरंफटक असतं आणि त्यातून दिवा ओढून काढावा लागतो. आमचे सगळ्यात तेजस्वी दिवे दिवसाढवळ्या जळतात, आणि ते बघायला कुणीही बाहेर थांबलेलं नसतं.

दुसरी गोष्ट आत्तींना तर कधीच पटली नाही. कडेच्या दिव्याला पूर्ण तेजावर दहा हजार कँडेला हवेत असा नियम आहे. ("धा हजार मेणबत्त्या? मग एवढासा कसा वो दिवा?") वापरता वापरता काच मळते, टायरच्या रबराची काजळी बसते, चिखल उडतो, बल्ब म्हातारा होतो. तेज नेमून दिलेल्याच्या निम्म्याखाली गेलं की तो दिवा बंद समजायचा. जळत असला तरी. तुम्ही समोर उभे राहा, तुम्हाला तो छान जळताना दिसेल, पण वहीत तो मेलेला. म्हणून आमचं अर्धं आयुष्य मापाची पेटी घेऊन दिव्यासमोर उकिडवं बसण्यात आणि फडक्यानं काचा पुसण्यात गेलं. हे मी एकदा मोठ्या उत्साहानं आत्तींना समजावलं. त्यांनी टोमणे मारत का होईना, ऐकून घेतलं. पुढच्या लग्नात उत्तर सुधारलं, "बल्ब बदलत्यात, आनि काचा बी पुसत्यात."

आमची गिऱ्हाइकं एकेक होती. एक वैमानिक यायचा, आवाजावरून आम्ही ओळखायचो. आम्ही दुसरी लावली की म्हणायचा पहिली करा, पहिली केली की म्हणायचा दुसरी करा. एके दिवशी आम्ही काहीच केलं नाही, नुसतं "केली" म्हटलं, तर म्हणाला, "आता कसं छान." (हे फार पूर्वीचं आहे, आणि पुढे असं कधी केलं नाही, हेही लिहून ठेवतो.) कुंपणापलीकडे एका शेतकऱ्याचं भात होतं. तो दर हंगामात दारात यायचा, "साहेब, तुमच्या दिव्यांनी माझं भात निसवत न्हाई, त्याला झोप मिळत न्हाई." बाकीचे हसायचे. मी भाताच्या घरचा, मला ठाऊक होतं की म्हातारा खरं बोलतोय, उजेडाशेजारचं भात उशिरा निसवतं, लोंबी वेळेवर बाहेर पडत नाही. पण दिवे काही हलवता येत नव्हते. त्याला मी चहा पाजायचो आणि माझा अर्ज वर पाठवायचो. अर्ज वरच राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि खेकडे. जमिनीखालून केबल जाते, तिचे जोड बारक्या चौकोनी खड्ड्यांत असतात. पावसाळ्यात त्यात पाणी, पाण्यात बेडूक, आणि खेकडे. इतर लोक झाकण उघडून मागं उडी मारायचे. नंदिगड्ड्याचा माणूस पावसातला खेकडा बघून मागं कशाला जाईल? माझ्या डब्याच्या पिशवीत एक जास्तीची पिशवी कायम असायची, आणि हे खात्यात उघड गुपित होतं.

तर बल्ब बदलणारा हे नाव पुसायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. संधी आली. माझा धाकटा मेहुणा हैदराबादला नोकरीला, त्याला मुलगा झाला. आत्ती रेल्वेनं गेल्या, दोन महिने राहिल्या. परतीचं विमानाचं तिकीट मी काढलं, खिडकीची जागा बघून. सुमन म्हणाली, "आईला विमान कशाला? घाबरेल ती."

"घाबरू दे. पण एकदा वरून बघू दे."

फोनवर आत्तींना तीनतीनदा शिकवलं. "शेवटी विमान वळतं, तवा खाली बघा आत्ती. आधी हिरवी ओळ, मग दोन पांढऱ्या. पावसाचे दिवस हायत, पाचवी पायरी असंल. तसं तेज तुमी कधी बघितलं नसंलसा."

"बघते की. बल्ब मोजून सांगते."

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, मीच मागून घेतलेली. सकाळपासून पाऊस होता, दुपारी तर खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्याही दिसेनात. सुमन छत्री घेऊन बाहेर आगमनाच्या दाराशी उभी होती. टॉवरवरच्या मॅडमनी फोन केला, "हैदराबादचं येतंय. पाचवी लावा."

कडेचे दिवे दोन सर्किटांवर असतात, एक सोडून एक. म्हणजे एक सर्किट गेलं तरी पूर्ण काळोख होत नाही, एकाआड एक दिवा राहतो. ए सर्किट पाचव्या पायरीवर गेलं. बी सर्किट पाचवीवर गेलं आणि धप्पकन पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा पडलं. कुठल्यातरी खड्ड्यात पाणी जोडात शिरलं होतं. दाब वाढला की वीज जमिनीत पळत होती. चौथीवर आणलं, पडलं. तिसरीवर आणलं.

तिसरीवर ते टिकलं.

मी खिडकीला नाक लावून बघितलं. जवळचे आठ-दहा दिवे पावसातून दिसत होते. सगळे जळत होते. टॉवरमधल्या पॅनेलच्या पाटीवरही दोन्ही सर्किटं चालू दिसत होती. फक्त एक दिवा शंभरावर, शेजारचा दहावर, पुन्हा एक शंभरावर. वरच्याला अशा पावसात दहावाले दिसणारच नव्हते. त्याला दिवे दुप्पट अंतरावर आहेत असं वाटलं असतं, आणि त्या अंतरावरूनच तो ठरवतो की आपण किती उंच आहोत.

फोन वाजला. "दिवे ठीक? पाचवर आहेत ना सगळे?"

आता खरं लिहितो. त्या क्षणी मला धावपट्टी दिसत नव्हती, आत्ती दिसत होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई, जन्मात पहिल्यांदा विमानात, एकटी, नाक खिडकीला लावून माझी हिरवी ओळ शोधत असलेली. मी "ठीक" म्हटलं असतं तर विमान बहुतेक उतरलंही असतं. वैमानिक अनुभवी होता, ए सर्किटचे दिवे पूर्ण तेजावर होते. मी नाही म्हटलं तर या पावसात त्याला उतरायची परवानगी नाही, तो दुसरीकडे जाणार. आत्ती परक्या शहरात, आणि मी जन्मभर बल्ब बदलणारा, तोही धड न बदलणारा.

"काका?" मॅडम म्हणाल्या.

"बी सर्किट पाचवर धरत नाही. तिसरीवर आहे. बंद समजा."

"पण पाटीवर तर..."

"जळतंय, मॅडम. पण बंद समजा."

थोड्या वेळानं ढगांच्या वरून इंजिनाचा आवाज आला, मोठा झाला, आणि मग लांब लांब गेला. मी सुमनला फोन केला.

"आत्तींचं विमान बेंगळूरला गेलं."

"अगाई! कुणी पाठवलं?"

"मी."

मग ती म्हणाली, "तुम्हीच आता तिला सांगा. मी नाही." आणि फोन ठेवला. पण नंतर कळलं, रागाच्या भरात बेंगळूरला उतरलेल्या आत्तींना फोन करून तिनंच सगळं सांगून टाकलं होतं.

बिघाड दोन तासांनी सापडला. खड्ड्याचं झाकण उचललं तर गुडघाभर पाणी, रबरी जोड सैल, आणि त्याच्यावर नांग्या पसरून एक ढब्बू खेकडा. त्याचा गुन्हा सिद्ध झाला नाही. पण त्या दिवशी मी त्याला पिशवीत घातला नाही, सोडून दिला. खायची इच्छाच राहिली नव्हती.

बेंगळूरला आत्तींनी काय केलं हे मला मागाहून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मी त्यांची काळजी करत बसलो होतो, पण कर्नाटकाच्या हद्दीतल्या आमच्या रामनगरच्या बाईला कानडी काय परकी? खोळंबलेल्या साऱ्या विमानाच्या वतीनं काउंटरवरच्या पोरीशी त्याच भांडल्या, सगळ्यांना चहा-बिस्किटं मिळवून दिली, एका बाळंतिणीला बसायला खुर्ची आणवली. मग विमानवाल्यांनी देऊ केलेली दुसऱ्या दिवसाची सोय नाकारली, "नगो तुमचं इमान, आमाला रेल्वे हाय." दुसऱ्या दिवशी लोंढ्याला उतरून थेट रामनगरला आपल्या घरी गेल्या. आमच्याकडे आल्या नाहीत, फोनही नाही.

तिसऱ्या दिवशी मीच गेलो. वाटेत तिनईघाटाकडे नुसतं धुकं होतं. सुमन बरोबर आली नाही, "माहेरी जायचं तर मी मान वर करून जाईन" म्हणाली.

आत्तींनी पाट मांडला, चहा दिला. समोर बसल्या.

"सुमी सांगत होती. इमान तुमी फिरवलासा म्हणं."

"व्हय, आत्ती."

"मी त्यात हाय, म्हाईत होतं तुमाला?"

"व्हय. जागेचा नंबरसुद्धा."

"दिवे बंद पडले होते?"

इथं "व्हय" म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण टॉवरला खरं सांगून सासूला खोटं सांगायचं, हे काही जमेना.

"बंद न्हवते. जळत होते."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "जळत होते?"

मग मी खेकड्यासकट सगळं सांगितलं. पायऱ्या, निम्म्याचा नियम, दहा टक्क्यांचा दिवा पावसात कसा नसल्यासारखा असतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधे टोमणा मारला नाही. ऐकून उठल्या, शिडी लावायला सांगितली, आणि माळ्यावरून मला ती गुंडाळलेली बत्ती काढायला लावली. मला म्हणजे मला! धोतर सोडलं, बत्ती मांडीवर घेतली, आणि पदरानं काच पुसत बोलू लागल्या.

"एक वरात होती, घाटाकडच्या गावची. वाट सगळी दरीच्या कडंची. ह्यांनी चार बत्त्या नेल्या. दोन बत्त्यांचं मँटल मागनं काळं पडालं होतं, पन जळत होत्या. हे म्हणाले, दोन बत्त्यांवर वरात जायाची न्हाई, उद्या सकाळी काढा. नवऱ्याचा बा खवळला. बत्त्या जळत्यात की, म्हणाला. हे म्हणाले, जळत्यात, पन दावत न्हाईत. मागच्या मानसाला वाट दिसली पायजे. चारी बत्त्या इझवल्या आनि घरला आले. गावभर बदनामी. मी तर लई बोलले. म्हटलं, जळत्या बत्त्या परत आणणारा गडी जगात एकटाच तुमी. तीन दिवस बोलले न्हाई त्यांच्यासंगं."

काच पुसून झाली होती, तरी पुसत होत्या.

"त्यांचंच खरं होतं, हे मला तवाच कळलं होतं. पन मी ते बोलूनच दाखवलं न्हाई. राहूनच गेलं. आता सांगावं म्हटलं तर ऐकायला हायत कुठं ते?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. त्यांनी ते बघितलं आणि लगेच आवाज बदलला.

"तुमच्यासंगं बी तीन दिवस अबोला धरनार होते. आज तिसरा दिवस भरला म्हणून बोलाले. आनि माझं इमान फिरवलेला तो खेकडा कुठं हाय?"

"सोडला, आत्ती."

"सोडलासा? मग खरंच नुकसान झालं बघा."

त्यानंतर आत्ती पुन्हा विमानात बसल्या नाहीत. मी म्हटलं की म्हणायच्या, "एकडाव बसले, तुमचे दिवे सोडून सगळ्या देशाचे दिवे बघितले, पुरे झालं." त्यामुळे पाचवी पायरी त्यांनी कधीच बघितली नाही. माझ्या नोकरीतली रुखरुख कुठली, असं कुणी विचारलं तर हीच.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, भाषणं झाली, आणि दिवेलागणीला मी घरच्यांना कुंपणाजवळच्या रस्त्यावर नेलं, तिथून धावपट्टी दिसते. आभाळ धुतल्यासारखं निवळ होतं. आमच्या दिव्यांची ओळ लागली, बारीक, शांत. पहिली पायरी. आता तिथं एलईडी आलेत, बल्ब बदलायचं कामच राहिलं नाही, हे मी आत्तींना मुद्दाम सांगितलं.

"एवढाच उजेड?" आत्ती म्हणाल्या.

"एक टक्का. आभाळ निवळ हाय न्हवं."

"पाच करायला सांगा की. आज तुमचा मान हाय."

"नियमात बसत न्हाई, आत्ती."

"ठाऊक हाय मला. इचारून बघितलं."

खात्यातल्या एका साहेबांची बायको शेजारी उभी होती, नवीन होती. तिनं आदबीनं विचारलं, "तुमचे जावई इथं नेमकं काय करायचे, आजी?"

मी सुमनकडे बघितलं. सुमननं पदर आधीच तोंडाला लावला होता. आता पुन्हा तेच, म्हणून मी दिव्यांकडे तोंड फिरवलं.

"इमानं परत पाठवायचे," आत्ती म्हणाल्या. मग काठी जमिनीवर नीट टेकवून, मान ताठ करून पुढे म्हणाल्या, "माझं बी पाठवलं."